क्लीनर साइड

गाडी एक, चालवणारी एक, आणि खेळही असा की मैदानावर एका वेळी एकाच गाडीनं उतरायचं. तरी रविवारी सकाळी भूमिका हातात पाण्याची बाटली घेऊन अंगणात आली, तेव्हा गाडीत तीन माणसं आधीच बसलेली होती. सासरे नत्थूजी पुढं डावीकडे, पट्टा लावून. सासूबाई कौसल्याबाई मागं, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन. आणि तिचा नवरा जितेंद्र ड्रायव्हरच्या सीटवर, इंजिन चालू करून, लग्नाला निघाल्यासारखा.

"तुम्ही काहून बसले?" भूमिकानं विचारलं. "मी एकटीच जाणार म्हणून सांगितलं होतं ना?"

"बुटीबोरीपर्यंत मी नेतो. हायवे आहे. तिथं मैदानात तू चालव पाहिजे तेवढी," जितेंद्र म्हणाला.

"आमचं काय, आम्ही पाहत बसू," कौसल्याबाई म्हणाल्या. "मी पोहे आणले आहे. तर्री पण आणली."

'राहू दे, मी नेतो' हे वाक्य भूमिका वर्षभर ऐकत होती. भाजीला जायचं, राहू दे. माहेरी जायचं, राहू दे, बंटी सोडेल. बंटी म्हणजे धाकटा दीर, त्याला स्वतःची स्कूटर नीट उभी करता येत नव्हती. कुणी तिच्या हातातून चावी हिसकावली नव्हती. हिसकावली असती तर भांडता तरी आलं असतं. प्रत्येक वेळी इतक्या मायेनं चावी घेतली जायची की ती गेली हे हात रिकामा झाल्यावरच कळायचं.

हे सगळं सुरू झालं ते उमरेड रोडवरच्या त्या दुपारपासून. भिवापूरला एका नातेवाइकाकडे बारसं होतं. नत्थूजी आदल्या दिवशीच पुढं गेले होते. गाडी भूमिका चालवत होती, शेजारी जितेंद्र, मागं कौसल्याबाई. एक सायकलवाला आडवा आला. भूमिकानं ब्रेक दाबला, गाडी थांबत आली होती, आणि मग स्टिअरिंग डावीकडे फिरलं. गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि बाभळीच्या खुंटाला जाऊन बसली. सायकलवाला मागं न बघता निघून गेला. कौसल्याबाईंचं उजवं मनगट मोडलं. आजही पोळ्या लाटताना त्या मधेच थांबून ते चोळायच्या, आणि समोर भूमिका असली की लगेच हसायच्या.

घरात तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातच नत्थूजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "होते असं बेटा. मनाले लावून घेऊ नको." झालं, माफी मिळाली. त्यानंतर ती माफी गावभर फिरली. कुणी पाहुणे आले, मनगटाचा विषय निघाला की नत्थूजी मोठ्या मनानं सांगायचे, "भूमिकाच्या हातून झालं थोडं. पण आम्ही तिले काही म्हटलं नाही." पाहुणे माना डोलवायचे, असं सासर मिळायला नशीब लागतं म्हणायचे, आणि भूमिका चहाचे कप गोळा करायची. वर्षभर ती अशी माफ होत राहिली होती आणि आता तिला त्या माफीचा वीट आला होता.

तिला स्वतःला एकच गोष्ट छळत होती. ते स्टिअरिंग आपण डावीकडे का फिरवलं? तिला आठवत नव्हतं. आपलेच हात आपल्याला न विचारता असं काही करून बसतात, या विचारानं ती गाडीजवळ गेली तरी तिचे तळवे ओले व्हायचे. बुटीबोरीच्या ज्या कापड कारखान्यात ती कापड तपासायच्या लॅबमध्ये होती, तिथल्या एका मैत्रिणीनं तिला हौशी मोटारवाल्यांच्या क्लबाबद्दल सांगितलं. ऑटोक्रॉस म्हणतात त्याला. बंद पडलेल्या गोदामाचं काँक्रीटचं भलंमोठं आवार, त्यावर नारिंगी प्लास्टिकचे कोन मांडून आखलेली वाट, आणि घरचीच साधी गाडी घेऊन हेल्मेट घालून त्यातून जायचं. घड्याळ लावलेलं असतं, पण समोर आडवं यायला कुणी नसतं. आपटलं तर कोनाला आपटतं. भूमिकाला पहिला नंबर नको होता. आपले हात भरवशाचे आहेत की नाहीत, तेवढं तिला कळून घ्यायचं होतं. नाहीत असं निघालं तर चावी ती स्वतःच खुंटीला टांगणार होती, कायमची.

आणि त्यासाठी सोबत पोहे-तर्री आली होती.

मैदानाच्या दारातच पिवळं जाकीट घातलेल्या मुलीनं गाडी अडवली. अदिती तिचं नाव. नव्या लोकांना शिकवायचं काम तिचं होतं. तिनं बॉनेट उघडून बघितलं, चाकं हलवून बघितली आणि म्हणाली, "आता आत जे जे सुटं आहे ते सगळं बाहेर काढा. जोरात वळलं की वस्तू उडतात."

मग जे निघालं ते बघून भूमिकाला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. नत्थूजींचा मिरचीचा व्यापार. भिवापूरची मिरची कळमन्याच्या बाजारात विकण्यात त्यांचा जन्म गेला, आणि ती मिरची या गाडीतही राहत होती. डिक्कीतून नमुन्याच्या पुड्या निघाल्या, सतरंजी, छत्र्या, कुणाच्या तरी वास्तुशांतीत मिळालेलं स्टीलचं पातेलं. सीटखालून सुक्या मिरच्या निघाल्या. पायपुसणं झटकलं तशी अदिती शिंकायला लागली आणि शिंकतच राहिली.

"मिरची अस्सल आहे," नत्थूजी तिला समाधानानं म्हणाले.

"काकाजी, ही गाडी आहे की गोदाम आहे?"

"गोदामात याच्यापेक्षा जागा आहे वं."

कौसल्याबाईंनी तोवर कापडी मांडवाखाली सतरंजी अंथरली होती. शेजारच्या कुटुंबाशी ओळख झाली होती आणि भूमिकाला ऐकू येईल इतक्या प्रेमानं त्या सांगत होत्या, "आमची सून आहे. थोडी घाबरते. पण आम्ही म्हटलं, जाऊ दे, तिची हौस आहे."

सरावाच्या पहिल्या भागात फक्त ब्रेक दाबायचा होता. सरळ जायचं, खुणेशी आलं की पूर्ण ताकदीनं थांबायचं. शेजारच्या सीटवर अदिती बसली. भूमिकानं वेग घेतला, खूण आली, तिनं ब्रेक दाबला आणि गाडी रमतगमत जाऊन थांबली.

"ताई, तुम्ही ब्रेकले नमस्कार करून राहिल्या," अदिती म्हणाली. "दाबा. तुटत नाही तो. स्टिअरिंग फक्त सरळ धरून ठेवा."

दुसऱ्यांदा भूमिकानं दात-ओठ खाऊन पाय दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, पट्टा छातीत रुतला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. सरळ. तिनं पुन्हा केलं, पुन्हा सरळ. हात कुठंच गेले नव्हते. शेजारून कुणीतरी ओरडेल म्हणून तिचे खांदे वर चढले होते, पण अदिती दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. गाडीत कुणी बोलत नाही म्हणजे किती बरं वाटतं, हे भूमिकाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. तिला रडू येईलसं झालं.

कारण त्यांच्या घरात गाडी दोघांनी चालवायची रीत होती. नत्थूजींना स्वतःला गाडी येत नव्हती. पण मिरचीच्या ट्रकमध्ये ते आयुष्यभर क्लीनर साइडला, म्हणजे ड्रायव्हरच्या डावीकडे, बसत आले होते, आणि ट्रक आपणच चालवला असं त्यांचं ठाम मत होतं. 'येऊ दे, येऊ दे, लेफ दाब, बस' हे त्यांचं गाडी चालवणं. चालवणाऱ्याला समोरचं दिसतं आणि साइडवाल्याला सगळं दिसतं, असं ते म्हणायचे. जितेंद्रही लहानपणापासून त्याच बाजूला बसून तयार झाला होता. घरातली गाडी कोपऱ्यावर दही आणायला निघाली तरी डावी सीट रिकामी जायची नाही. कुणीतरी बसायचं, आणि बसलं की बोलायचं.

पुढच्या भागाआधी वाट पायी फिरून बघायची होती. बाकीचे लोक एकेकटे, मनाशी वळणं पाठ करत चालत होते. भूमिकासोबत घरचे चालले. प्रत्येक वळणावर नत्थूजी थांबायचे, हात वर करून कोनांना ट्रकसारखं मागं घ्यायचे आणि म्हणायचे, "इथून लेफ दाब." तिथं उजवीकडे वळायचं होतं.

शेवटच्या सरळ पट्ट्याच्या टोकाला कोनांचीच एक चौकट होती. वेगात यायचं आणि त्या चौकटीत थांबायचं. भूमिका तिथं बराच वेळ उभी राहिली. हे आपल्याला जमेल असं तिला वाटलं, आणि वाटलं याचंच नवल वाटलं.

परत येऊन बघते तर जितेंद्र हेल्मेट घालून डाव्या सीटवर बसलेला.

"सरावाच्या रनमध्ये सोबत एक जण चालतो, असं विचारून आलो," तो म्हणाला.

"मले नको आहे कोणी."

"काहून? मी काही बोलणार नाही."

"तुमच्यानं होत नाही."

"अरे, बायको चालवून राहिली आणि मी तिकडं पोहे खात बसू? लोक काय म्हणतील?"

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. अदिती शेवटच्या चौकटीपाशी जाऊन उभी होती, आणि भांडायचं तर ते वीस अनोळखी माणसांसमोर भांडावं लागलं असतं. भूमिका गाडीत बसली. तिला जितेंद्रचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला.

तो बोलणार नव्हता. झेंडा पडला, गाडी सुटली, आणि पहिल्या कोनापर्यंतच त्याचा शब्द संपला. "येऊ दे, येऊ दे. आता लेफ. दाब. दाब ना. अगं मारशील. हळू. तिकडं पाहू नको, इकडं पाहा." भूमिका पुढचा कोन शोधायची आणि तेवढ्यात तो त्याच्या पुढचा सांगायचा. एका ठिकाणी ती खरंच त्याचं ऐकून गेली आणि मोठा वळसा पडला. "पाहिलं? मी सांगून राहिलो होतो," तो म्हणाला. मग सरळ पट्टा आला. तिनं पाय दाबला, गाडी धावली, चौकट जवळ आली, आणि शेजारी जितेंद्र श्वास रोखून एकदम गप्प झाला.

खुणेशी तिनं ब्रेक दाबला, अदितीनं शिकवला तसा, पूर्ण. पेडल थरथरलं. गाडी सरळ थांबत आली. आणि स्टिअरिंग डावीकडे फिरलं.

डाव्या बाजूचे कोन आडवे झाले, एक बंपरखाली अडकून घासत गेला, इंजिन बंद पडलं. भूमिका समोर बघत होती. मग तिनं खाली बघितलं. स्टिअरिंगवर तीन हात होते.

दोन तिचे. ते जिथं असायला हवे तिथं, घट्ट. तिसऱ्याच्या बोटात तिनंच लग्नात घातलेली अंगठी होती, आणि त्या हातानं स्टिअरिंग इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. जितेंद्रही त्या हाताकडेच बघत होता. त्यानं तो हळूच काढून घेतला आणि मांडीखाली घातला.

"त्या दिवशी पण," भूमिका म्हणाली.

वाटभर बोलणारा माणूस आता बोलायची वेळ आली तर गप्प.

"तुम्हाले मालूम होतं?"

"त्या दिवशी खरंच मालूम नव्हतं. मले वाटलं, तूच ओढलं."

"आणि मंग?"

त्यानं हेल्मेटची काच खाली पाडली.

अदिती खिडकीशी आली. "हा रन धरत नाही मी," ती म्हणाली. "साइडवाल्यानं स्टिअरिंगले हात लावला. ताई, तुमचं थांबणं बरोबर होतं. आता वेळेचे रन आहेत, त्याच्यात सोबत कोणी चालत नाही." तिला एवढंच सांगायचं होतं. ती पडलेले कोन उचलायला गेली.

गाडी बाजूला लावून भूमिका मांडवाकडे चालत गेली. मागून जितेंद्र येत होता. नत्थूजी उठून उभे राहिले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीच जुनी माया तयार होती.

"पुन्हा तसंच झालं का बेटा?" ते म्हणाले. "होते. जाऊ दे. पोहे खा, निघू आपण. आम्ही काही..."

"बाबाजी, मी नाही ओढलं. यायनं ओढलं. मागल्या वर्षी पण यायनंच ओढलं होतं."

नत्थूजी क्षणभर गोंधळले, मग हसले. "काही पण. जितू लहानपणापासून साइडले बसून राहिला. साइडवाला तोंडानं सांगते, हात लावत नाही. तुले भास झाला." मग त्यांना पुरावा सुचला. ते बायकोकडे वळले. "तू तर मांगं बसली होतीस. तुले सगळं दिसलं असन. सांग वं हिले."

कौसल्याबाई डब्याचं झाकण लावत होत्या. ते लागेना. भूमिका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि झाकण तिसऱ्यांदा निसटलं तेव्हा तिला उत्तर कळलं. मागच्या सीटवरून दोन सीटच्या मधलं सगळं दिसतं. ही बाई त्या दिवशी सगळं बघून बसली होती.

"सांग ना," नत्थूजी म्हणाले.

"यानंच ओढलं," कौसल्याबाई म्हणाल्या. "तिनं गाडी थांबवली होती."

शेजारच्या सतरंजीवरचं कुटुंब पोहे खायचं थांबलं.

"मंग वर्षभर काहून नाही बोललीस?" नत्थूजींचा आवाज चढला.

कौसल्याबाईंनी डबा बाजूला ठेवला. त्या भूमिकाशी बोलल्या नाहीत, नवऱ्याशीच बोलल्या. "हिले तुम्ही दुसऱ्या दिवशी माफ केलं. सून आहे, परक्याची लेक आहे, लोक पाहून राहिले होते. त्याले केलं असतं का? गाडीत बसू दिलं असतं का तुम्ही त्याले? जन्मभर ऐकवलं असतं. मी म्हटलं, हात तर माझा मोडला. हिच्या नावावर राहू दिलं तर घर शांत राहीन."

नत्थूजींनी जितेंद्रकडे बघितलं आणि जितेंद्रनं जमिनीकडे. त्या बघण्यातच भूमिकाला दिसलं की सासूबाईंचा हिशेब अगदी बरोबर होता. म्हणूनच तिच्या अंगाची आग झाली. सगळ्यांना सोयीचं म्हणून एक वर्ष तिला भित्री करून ठेवलं होतं. स्वतःच्या हातांना घाबरायला लावलं होतं, आणि वरून त्याबद्दल तिनं उपकार मानले होते. पाहुण्यांसमोर मान खाली घालून चहाचे कप गोळा केले होते.

"आई, तुमचं मनगट मी रोज पाहायची," ती म्हणाली. "रोज. तुम्ही हसायच्या माझ्याकडं पाहून."

कौसल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. भूमिकाला त्यांची दया आली आणि ती आली म्हणून आणखी चीड आली. ध्वनिक्षेपकावरून तिचा नंबर पुकारला गेला. ती गाडीकडे गेली.

डाव्या सीटवर जितेंद्रनं काढून ठेवलेलं हेल्मेट होतं. सुटी वस्तू म्हणून तिनं ते उचलून अदितीकडे दिलं. मग ती गेली. फार वेगात गेली नाही. मधे एक वळण चुकता चुकता सापडलं, एक कोन आडवा झाला, त्याचा दंड बसला. तळवे कोरडे होते. सरळ पट्ट्यावर मात्र तिनं पाय उचलला नाही. चौकटीच्या खुणेशी ब्रेक पूर्ण दाबला आणि गाडी मधोमध उभी राहिली, चारी बाजूचे कोन उभे. फळ्यावर तिचं नाव खालून दुसरं लागलं. ते तिनं एकदा वाचलं, मग उगाच पुन्हा एकदा वाचलं.

शेवटच्या रनसाठी रांगेत ती गाडी घेऊन उभी होती तेव्हा नत्थूजी आले. सवयीनं ते डाव्या दाराशी गेले, तिथं थांबले, आणि गाडीला वळसा घालून तिच्या खिडकीशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. मागं मांडवात जितेंद्र सतरंजीच्या एका टोकाला बसला होता, दुसऱ्या टोकाला कौसल्याबाई, मधे डबे.

"चांगली थांबवली," नत्थूजी म्हणाले.

"हाव."

ते जरा घुटमळले. "बेटा, झालं ते झालं. घरातली गोष्ट आहे. तू समजदार आहे. जितूले माफ करून टाक."

पुढची गाडी सुटली. भूमिकानं हेल्मेटचा पट्टा ओढला आणि गिअर टाकला.

"तुम्ही केलं का?" तिनं विचारलं.

नत्थूजींनी मांडवाकडे बघितलं. जबडा घट्ट झाला.

"मंग तुम्ही करा पहिले," ती म्हणाली. "दर वेळी मीच काहून?"

अदितीनं हात केला. नत्थूजी बाजूला झाले, आणि भूमिकानं गाडी पुढं घेतली.